रुग्णांचे अभिप्राय आणि एथिक्स कमिटीचा अर्ज : माझा अनुभव

आमच्या धर्मादाय रुग्णालयात डिस्चार्जच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्मांचे गठ्ठे क्वालिटी विभागात साठत होते, आणि 'आणखी काही सांगायचे आहे का?' या शेवटच्या रकान्यात रुग्णांनी काय लिहिले आहे, हे कोणी सलग वाचलेले नव्हते. मशीन लर्निंगने त्यातले मुख्य विषय शोधायचे ठरले. टायपिंग आणि संगणक यांनी फारसे अडवले नाही. अडवले ते एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीने.

कमिटीचा अर्ज औषधचाचणी डोळ्यांपुढे ठेवून छापलेला होता. 'औषधाची मात्रा', 'विपरीत परिणाम झाल्यास नुकसानभरपाई' अशा रकान्यांत मी 'लागू नाही' लिहिले, तर 'अर्ज अपूर्ण' असा शेरा मारून तो परत आला. नंतर प्रत्येक रुग्णाचे संमतिपत्र मागितले गेले. ज्या फॉर्मवर मुळात नावच नाही तो कोणी भरला हे शोधायचे कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते, आणि बैठक गणपूर्तीअभावी पुढे जात होती. ओळख पटवणारी माहिती नसलेल्या, नगण्य जोखमीच्या कामाला पूर्ण तपासणीतून सूट मिळू शकते, आणि संस्थेतील गुणवत्ता तपासणी हे त्याचे उदाहरण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच दिलेले आहे. मात्र सूट द्यायची की नाही हे कमिटीनेच ठरवायचे असल्याने तो अर्जही त्याच टेबलावर जातो. म्हणून पहिल्याच पत्राच्या विषयात सूट मागावी. एवढ्या सगळ्यात त्यांचा एकच प्रश्न रास्त होता: निनावी फॉर्मच्या मजकुरातही डॉक्टरांची आणि सिस्टरांची नावे येतात, त्यांचे काय? ती पुसून त्या जागी केवळ पद लिहिण्याची हमी दिल्यावर मंजुरी आली, तीही एका ओळीची.

पुढचे काम त्या मानाने सरळ होते. मजकुरातले विषय शोधणारी एलडीए ही २००३ ची पद्धत कोणते शब्द एकत्र येतात यावर चालते, त्यामुळे दोन ओळींच्या अभिप्रायांवर ती लंगडी पडते. बर्टॉपिक ही त्याच कामाची नवी पद्धत वाक्यांच्या अर्थानुसार गट करते. 'फाइल खाली यायला संध्याकाळ झाली' आणि 'बिल मिळेपर्यंत जेवणाची वेळ टळली' ही वाक्ये तिने एकत्र ठेवली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मात्र वाक्यांचा अर्थ ओळखणारे तिचे मूळ मॉडेल इंग्रजीसाठी आहे. बहुभाषिक मॉडेल किंवा पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचे मराठी मॉडेल घ्यावे. त्याआधी रोमन लिपीतली मराठी देवनागरीत आणावी आणि नुसते 'छान', 'गुड' लिहिलेले फॉर्म बाजूला काढावेत, नाहीतर सर्वांत मोठा विषय 'छान' हाच निघतो. कोणत्याच गटात न बसलेली वाक्ये उणे एक या क्रमांकाखाली पडतात, ती माणसाने वाचावीत, कारण गंभीर तक्रार बहुधा एकाच रुग्णाची असते.

आणि हो, मंजुरी मागताना पुढील वर्षांचे फॉर्मही त्याच अर्जात धरावेत. मला ते सुचले म्हणून 'औषधाची मात्रा' पुन्हा भरावी लागणार नाही.