व्ह्यूमास्टर संग्रह: सॉयर्सच्या चकत्या लागल्या, जीएएफच्या अर्ध्यावर

व्ह्यूमास्टर म्हणजे डोळ्यांना लावायचा दुर्बिणीसारखा व्ह्यूअर; त्यात फोटोंची गोल चकती घातली की चित्रं त्रिमित दिसतात. हवा पुरती कोरडी झाल्याशिवाय मी या चकत्यांचे डबे उघडत नाही. दिवाळीनंतर ते काढले आणि बरेच दिवस मनात असलेलं काम हाती घेतलं: अख्खा संग्रह छापलेल्या कंपनीच्या नावाप्रमाणे वेगळा करायचा. सॉयर्सच्या सगळ्या चकत्या आता जागेवर आहेत. जीएएफचा गठ्ठा निम्मा झालाय.

ही विभागणी कशासाठी, तर रंगांसाठी. सॉयर्स ही ओरेगनमधल्या पोर्टलंडची, पोस्टकार्डं विकणारी कंपनी. विल्यम ग्रुबर हा जर्मनीहून आलेला, पियानो सुरात लावून देणारा माणूस. दोन कॅमेरे शेजारी शेजारी जोडून तो त्रिमित फोटो काढायचा. १९३८ मध्ये ओरेगन केव्हजला त्याची आणि सॉयर्सच्या हॅरॉल्ड ग्रेव्ह्जची गाठ पडली, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात व्ह्यूमास्टर लोकांसमोर आला. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म तेव्हा नुकतीच, १९३५ पासून, मिळू लागली होती. इतक्या छोट्या चौकटीत इतका बारकावा आणि इतका टिकाऊ रंग त्या फिल्ममुळेच शक्य झाला. १९६६ मध्ये जीएएफने सॉयर्स विकत घेतली. ही कंपनी स्वतःच फिल्म बनवायची, त्यामुळे सत्तरच्या दशकात तिची फिल्म चकत्यांत आली आणि तिथून रंगांची वाट लागली.

फरक ओळखायला व्ह्यूअर लागतच नाही. चकती खिडकीकडे धरा आणि आकाश कुठे दिसतंय ते शोधा. सॉयर्सच्या जुन्या चकतीत ते आजही निळं आहे, कडेला पांढरे ढग वेगळे उठून दिसतात. जीएएफच्या सत्तरीतल्या बऱ्याच चकत्यांत निळा-हिरवा रंग उडून गेलाय आणि आकाश, झाडं, माणसांचे चेहरे, सगळ्यावर एकच गुलाबी-जांभळट छटा पसरलीय. अशा चकत्या मी टाकत नाही. त्या वेगळ्या डब्यात ठेवतो आणि स्कॅन करून संगणकावर रंग जमेल तेवढे सावरून घेतो. पण मूळ चकतीत गेलेला रंग परत येत नाही, म्हणून विकत घेताना मी आधी आकाशच बघतो.

उजेडात धरलीच आहे तर आणखी एक गंमत पाहा. एकाआड एक चित्र उलटं दिसतं. चकतीवर फिल्मचे चौदा तुकडे आणि दृश्यं मात्र सात. प्रत्येक दृश्याचा डाव्या डोळ्याचा तुकडा एका टोकाला, उजव्याचा बरोबर समोरच्या टोकाला. खटका दाबला की चकती एक नाही, दोन घरं सरकते. त्यामुळे तुकडा डोळ्यासमोर येतो तेव्हा नेहमी सुलटाच असतो. ग्रुबरच्या डोक्याची खरी कमाल मला इथे दिसते. आणि हे माप पुढे बदललंच नाही: युद्धापूर्वीची चकती नव्वदच्या दशकातल्या प्लॅस्टिकच्या व्ह्यूअरमध्ये बिनतक्रार बसते.

व्ह्यूअरमध्ये माझं मत ठाम आहे: मॉडेल सी. १९४६ ते १९५५, बेकलाइट या जुन्या कडक प्लॅस्टिकचं काळं जड अंग, चकती वरच्या खाचेतून सोडायची. या हिवाळ्यात एकाचा खटका अडकत होता तो सुटला. मऊ टूथब्रशने खाचेतली धूळ काढली, भिंगं कापसाने आतून-बाहेरून कोरडीच पुसली. तेल घातलं नाही आणि तुम्हीही घालू नका, ते चकतीच्या पुठ्ठ्यावर उतरतं. चकत्यांना तर पाण्याचा थेंबही नको. धूळ उडवायला फक्त हवेचा फुगा, मग हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. आपल्याकडच्या दमट हवेत फिल्मला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

आता आवडीनिवडीचं. व्ह्यूमास्टर म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना कार्टूनच आठवतात. १९५१ मध्ये सॉयर्सने ट्रू-व्ह्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली, तिच्याबरोबर डिस्नेची पात्रं वापरायचा परवानाही आला, आणि प्रवासी मोठ्या माणसांची ही वस्तू हळूहळू मुलांची झाली. सपाट चित्रं कापून पुढेमागे ठेवल्यासारख्या कार्टून चकत्यांत माझं मन रमत नाही. फ्लॉरेन्स थॉमसच्या परीकथा मात्र हातात घेतल्या की सोडवत नाहीत. तिने चाळिशीच्या दशकापासून सॉयर्ससाठी मातीच्या बाहुल्या घडवून, टेबलावर अख्खी झोपडी, जंगल, राजवाडा उभारून त्यांचे त्रिमित फोटो घेतले. माती खरी, चित्राची खोली खरी, बाहुलीच्या मागे पडलेली सावलीही खरी. अमेरिकन लोककलेच्या इतिहासात तिचं नाव ठळक हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा लाडका कप्पा टीव्ही मालिकांचा. व्ह्यूमास्टरचे फोटोग्राफर थेट सेटवर जाऊन त्रिमित कॅमेऱ्याने चित्रं घेत. ‘स्टार ट्रेक’चं पाकीट १९६८ च्या ‘द ओमेगा ग्लोरी’ या भागाचं आहे: तीन चकत्या, एकवीस दृश्यं. भाग म्हणून तो मला सामान्यच वाटतो, पण ज्या काळी कितीतरी अमेरिकन घरांत टीव्ही कृष्णधवल होता तेव्हा पोरांनी तो सेट रंगीत आणि त्रिमित पाहिला तो या चकत्यांतून. पडद्यावर कधीच न दिसलेली चित्राची खोली इथे आहे.

युद्धकाळातल्या चकत्या माझ्याकडे अजून नाहीत. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकन सैन्याने सुमारे एक लाख व्ह्यूअर आणि साठ लाखांच्या आसपास चकत्या मागवल्या होत्या, विमानं नि जहाजं ओळखायला आणि अंतराचा अंदाज घ्यायला सैनिकांना शिकवण्यासाठी. इतक्या बनल्या, म्हणजे कुठेतरी नक्की असणार. शोध चालू आहे.

पुढचं काम ठरलंय. जीएएफचा उरलेला गठ्ठा संपवायचा, त्यातल्या ज्यांचा रंग अजून धड आहे त्या आधी स्कॅन करायच्या. ‘मेड इन इंडिया’ छापलेल्या चकत्या त्यानंतर. त्यांच्यासाठी वेगळा डबा आणून ठेवलाय. तुमच्याकडे असतील तर त्यांतलं आकाश कसं टिकलंय ते जरूर कळवा, मला माझ्या चकत्यांशी ताडून पाहायचंय.