नाकातला एनके/टी-सेल लिम्फोमा: गोव्यातून उपचार शोधताना

लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, म्हटलं की ‘चॉप’ हे केमोचं नाव लगेच कानावर येतं. नेहमीच्या बी-सेल लिम्फोमात तीच केमो रिटुक्सिमॅब या औषधाच्या जोडीने देतात. माझ्या भावोजींना झालेला लिम्फोमा मात्र वेगळा, एक्स्ट्रानोडल एनके/टी-सेल, नेझल टाइप, म्हणजे लिम्फच्या गाठींबाहेर, नाकात सुरू होणारा. त्याच्या पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो आणि चॉपमधलं डॉक्सोरुबिसिन हे औषध आत शिरलं की तो ते बाहेर फेकतो, म्हणून चॉपवर हा आजार नीट दबत नाही. पहिल्या केमोआधी आजाराचं नाव पक्कं करून घेणं किती गरजेचं आहे, ते इथे कळतं.

नाव पक्कं करण्यातच पहिला अडथळा असतो. ही गाठ रक्तवाहिन्या कुरतडते, त्यामुळे नाकातला बराच भाग मेलेला असतो आणि बायोप्सीत ‘नेक्रोसिस’ किंवा ‘इन्फ्लमेशन’ एवढंच येऊ शकतं. तुकडा खपलीतून घेऊ नये. जिवंत दिसणाऱ्या कडेवरून, खोलातून आणि एकाहून जास्त जागांवरून घ्यायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सांगावं. नाक मोकळं व्हावं म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगावं, कारण स्टिरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरून गाठ तात्पुरती दबते आणि रिपोर्ट फसवा येतो. रिपोर्टमध्ये पेशी ओळखण्याच्या खुणांचे, म्हणजे सीडी ३, सीडी ५६, ग्रॅन्झाइम बी किंवा टीआयए-१ आणि ईबर यांचे निकाल हवेत. ईबर म्हणजे एपस्टाइन-बार विषाणूची (ईबीव्ही) खूण. ती नसेल तर निदानावर पुन्हा विचार करायला हवा.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद पुरत नाही. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) असो की खाजगी दवाखान्यात, पॅथॉलॉजी विभागात डॉक्टरांच्या सहीच्या अर्जावर ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड मागावेत. ब्लॉक बरेच असले तर जिवंत गाठ कोणत्या ब्लॉकमध्ये आहे ते विचारून तोच न्यावा. त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जागच्या जागी ताडून पाहावा, कारण नंबर जुळला नाही तर पुढचं सगळं अडतं. ब्लॉक मेणाचा असतो, मे महिन्यात बंद गाडीत ठेवला तर मऊ पडतो. स्लाइड कडक प्लास्टिकच्या डबीत न्याव्यात.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हेच ब्लॉक पुन्हा तपासतात. नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेल्या ‘नव्या’ नावाच्या सेवेतून घरबसल्या तज्ज्ञांचं मतही मागता येतं. तिथे बायोप्सी, पेट-सीटी स्कॅन, बोन मॅरो, एलडीएच ही रक्ततपासणी आणि रक्तातला ईबीव्ही डीएनए हे सगळं एकदम चढवावं. अर्धवट कागदांवर मतही अर्धवटच मिळतं. पेट-सीटीला जाताना सहा तास उपाशी राहावं लागतं. साखर वाढलेली असेल तर चित्र बिघडतं, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्यांचं आधी विचारून ठेवावं.

एका बाबतीत मात्र मतांची वाट पाहू नये. ताप उतरत नाही, रक्तपेशी झपाट्याने घटतात आणि रक्तातलं फेरिटिन फार चढलेलं आहे, असं असेल तर तो एचएलएच, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम होऊन जिवावर बेतणारा प्रकार असू शकतो. लगेच दाखल करावं.

आता पर्याय. आजार नाकापुरता आणि जवळच्या लिम्फच्या गाठींपुरता असेल तर रेडिएशन हाच मुख्य आधार, साधारण ५० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), आणि सोबत किंवा मागेपुढे अ‍ॅस्पराजिनेज हे औषध असलेली केमो. रोज २ ग्रे धरले तर २५ बैठका होतात, म्हणजे शनिवार-रविवार सोडून पाच आठवडे. अर्ध्यात केंद्र बदलता येत नाही, म्हणून राहण्याची सोय बघूनच जागा ठरवावी. त्याआधी दात दाखवावेत. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. काढायचे ते आधीच काढून जखम भरू द्यावी.

आजार पसरलेला असेल तर ‘स्माइल’ किंवा पेगास्परगेज-जेमसायटाबिन-ऑक्सॅलिप्लॅटिन असे केमोचे प्रोटोकॉल असतात. स्माइलमध्ये मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट असतं. दवाखान्यात त्याची रक्तातली पातळी वेळेवर मोजतात का, हा मी सर्वांत आधी विचारण्याचा प्रश्न मानते. अ‍ॅस्पराजिनेज २ ते ८ अंशांत ठेवायचं. दुकानातून बर्फाच्या डब्यात आणावं, पण गोठू देऊ नये. ते चालू असताना फायब्रिनोजेन, लायपेज आणि लिव्हरच्या तपासण्या हव्यात. अचानक पोटात कळ आली तर स्वादुपिंडाला सूज आली असेल हे ध्यानात ठेवावं. आजार उलटला तर पेम्ब्रोलिझुमॅब, सीडी ३० असल्यास ब्रेंटुक्सिमॅब, आणि योग्य दाता मिळाल्यास दुसऱ्याच्या पेशींचं ट्रान्सप्लांट यांचा विचार होतो.

नातेवाईक नेक्सकार १९ या कार-टी उपचाराची (पेशंटच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याची) बातमी पाठवतात. आयआयटी मुंबई आणि टाटाच्या या उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि ती खरोखर मोठी गोष्ट आहे. पण तो सीडी १९ असलेल्या बी पेशींवर चालतो. एनके/टी पेशींवर सीडी १९ नसतं, त्यामुळे त्यामागे वेळ घालवू नये. नवीन चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आजाराच्या नावाने शोधाव्यात. चाचणी कोणत्या शहरात आहे आणि भरती चालू आहे का, हे तिथे लिहिलेलं असतं.

पैशाचं बोलायचं तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच आहे. या आजाराची औषधं पॅकेजमध्ये बसतात का, ते केमोआधीच काउंटरवर विचारावं. गोव्यात न मिळणाऱ्या उपचारासाठी आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजना वेगळी. तिला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गोमेकॉचं पत्र लागतं. मंजुरी दाखल होण्याआधी घ्यायची असते, म्हणून मामलेदार कचेरीतले दाखले पेट-सीटीच्या तारखेची वाट पाहत असतानाच काढून ठेवावेत.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट असते. दवाखान्याचा ठरावीक फॉर्म भरून तिकीट खिडकीवरच काढावं. परळला जायचं तर दादरला उतरावं, टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला जायचं तर पनवेलला.

रेडिएशन संपल्यावर लगेच पेट-सीटी करू नये. सुजेमुळे नाक उजळ दिसतं आणि घरचे उगाच घाबरतात. साधारण तीन महिने थांबतात. ईबीव्ही डीएनए मात्र प्रत्येक वेळी त्याच लॅबमध्ये करावा, कारण लॅब बदलली की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.