तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकणाऱ्या माणसांचे सिनेमे

लग्नाच्या पंगतीत, बँकेत डबे उघडताना, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असताना या प्रश्नानं मला गाठलंय. "तुम्ही एवढे सिनेमे बघता, मग तुमचा सगळ्यात आवडता कोणता?" विचारणाऱ्याला बहुधा माझं उत्तर नको असतं, स्वतःचं सांगायचं असतं. त्याला माझी हरकत नाही. पण काही जण खरंच थांबून ऐकतात. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी वर्षानुवर्षं जाते हे ठाऊक असल्यामुळे त्यांना एखादं जपानी नाहीतर इराणी नाव अपेक्षित असतं. मी 'सामना' म्हणते आणि त्यांचा चेहरा पडतो. "तो नाही का, मारुती कांबळेचं काय झालं?" हो, तोच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या, भणंग मास्तराला आसरा देतो, आपला पसारा दाखवतो, त्याला हवी तेवढी दारू पाजतो. मास्तराच्या कानावर कुठून तरी नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं नाव पडतं आणि मग तो एकच प्रश्न धरून बसतो: त्याचं काय झालं? लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. पाटील निळू फुले, मास्तर डॉ. श्रीराम लागू. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हे सगळं कुठंही वाचायला मिळेल.

मला सांगायचंय ते वेगळंच. संवादफेकीसाठी 'सामना' बघायचा असं लोक म्हणतात. मी तो ऐकणाऱ्यासाठी बघते. प्रश्न दर वेळी तोच असतो, बदलतो तो फुल्यांचा चेहरा. आधी पाटील तो हसण्यावारी नेतो, मग वैतागतो, मग पेटतो, आणि एका वळणावर तुमच्या लक्षात येतं की हा माणूस आता घाबरलाय. अख्ख्या तालुक्याला ऐकवायची सवय असलेल्या माणसाला ऐकून घ्यावं लागतंय, आणि ते त्याला जमत नाहीये. फुल्यांची नक्कल करणाऱ्यांनी त्यांचा घोगरा आवाज उचलला. ते ऐकणं कुणालाच उचलता आलं नाही.

चारच वर्षांनी, १९७९ मध्ये, याच चौघांनी पट फिरवला. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरचा 'सिंहासन'. आता खुर्चीसाठी कारस्थानं करणारे अर्थमंत्री लागू, आणि फुले पत्रकार दिगू टिपणीस. म्हणजे सिनेमाभर दुसऱ्यांचं ऐकत हिंडणारा माणूस. खांद्यांना पोक आल्यासारखी चाल, समोरचा खोटं बोलतोय हे कळूनही न बदलणारा चेहरा. तो इतकं ऐकतो की शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघा, एकाच रविवारी. (डॉ. लागू मुळात कान-नाक-घशाचे डॉक्टर. घशाचं कौतुक सगळे करतात, कानाचं कुणी करत नाही.)

एकदा ही खोड लागली की मग सगळीकडे तेच दिसतं. 'अशी ही बनवाबनवी'चंच घ्या. 'सत्तर रुपये वारले' हे वाक्य आज ज्यांचा जन्म १९८८ नंतरचा आहे त्यांनाही पाठ. अशोक सराफांचं टायमिंग, कबूल. पण पुढच्या वेळी ते वाक्य येईल तेव्हा सुधीर जोशींकडे बघा. त्या सत्तर रुपयांचं निधन घरमालक सरपोतदारांच्या चेहऱ्यावर होतं. विनोद बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, या वादात मी सरपोतदारांच्या बाजूची.

तुमची दुसरी ठरलेली शंका: नवीन मराठीत काहीच आवडत नाही का? आवडतं की. 'फँड्री'त डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं, आणि डुक्कर चालतं होतं. त्यावर मी वेगळं काही बोलणार नाही, बघा म्हणजे झालं. पण माझ्या या खोडीचा खरा सिनेमा म्हणजे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', २०१४ सालचा. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि न्यायालयातली माणसं ऐकत असल्याचं सोंग करतात. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकीलबाई कलमं अशी वाचते, जशी आपण वाण्याची यादी वाचतो. तीच बाई लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. एका बाईचं प्रकरण तिनं बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून न्यायाधीश ऐकूनच घेत नाहीत. ऐकून न घेणं हीच त्या सिनेमाची गोष्ट.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा काळा होतो. आम्ही पाहत होतो तेव्हा पुढच्या रांगेतले तिघं-चौघं उठले, एकानं मोबाइलच्या उजेडात चपला शोधल्या. तेवढ्यात पडद्यावर सहलीची बस. ते तिघं-चौघं वाकून, दबकत परत बसले. न्यायाधीश सुट्टीवर कसे असतात ते त्यांना उभ्याउभ्याच बघावं लागणार होतं, थोडक्यात वाचले.

मालिकांबद्दल विचारलंत म्हणून सांगते, राग मानू नका. माझ्या सासूबाई रोज साडेसातला टीव्हीपुढे बसतात, त्यामुळे मीही कांदा चिरता चिरता बघते. कुणीतरी म्हणतं, "हे मूल तुमचं नाही." लगेच ढगांचा गडगडाट, आणि घरातल्या सातही जणांचे चेहरे, प्रत्येकाचा तीनदा. सात त्रिक एकवीस. याला मी ऐकणं म्हणत नाही, ही हजेरी झाली. याउलट 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांचे आबा घरात सगळ्यांत कमी महत्त्वाचे. मुलगा, सून, नातवंडं बोलत असतात, आबा ऐकून घेतात आणि मग अनुदिनी लिहितात. त्यात कुणाचा खून नाही, कुणी पायऱ्यांवरून पडत नाही. सासूबाईंनाही ती आवडायची, हे इथं नोंदवून ठेवते. आता विचारलं तर कबूल करणार नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. 'सामना' मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना, शेजारच्यांच्या टीव्हीवर. आमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं, बाबा साखर कारखान्यात टाइमकीपर. अँटेना फिरवायला एक पोरगा छपरावर, आम्ही पंधरा-वीस जण चटईवर, बाबा मागं खुर्चीत. बाबांना सिनेमा बघताना सतत बोलायची सवय. कोण मरणार, कोण कुणाचा भाऊ निघणार, सगळं आधी सांगून टाकायचे. त्या दिवशी मास्तरानं पहिल्यांदा प्रश्न विचारला आणि मागून आवाज येईनासा झाला. मी वळून पाहिलं. बाबा पडद्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. मग उठले, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले. उकाड्याचे दिवस होते, कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्या सिनेमाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, असं बाबा पुढं कितीतरी वर्षं सांगायचे.

आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत, आमच्याकडेच असतात. निवृत्तीला पंचवीस वर्षं होऊन गेली, तो कारखाना कधीच बंद पडला. गेल्या दिवाळीत मी त्यांना टॅबवर 'सामना' लावून दिला. कानाला यंत्र आहे, त्यामुळे आवाज मोठा ठेवावा लागतो. निम्म्या सिनेमापर्यंत निवांत होते, लागूंची दाद देत होते. मग मास्तर पाटलाच्या तोंडावर विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, समोर नुसता नाला. बाबांनी खिडकीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "आवाज जरा कमी कर."