खिशात पेनी नव्हती

अमेरिकेत सेंट लुईसचे पहिले चार दिवस मॉल, भाच्याच्या मित्रांकडची जेवणं आणि पुन्हा मॉल. पाहुणचाराने जीव नकोसा झाला होता. पाचव्या सकाळी मी हटूनच बसले, मला कॅल्व्हरी सिमेटरीत जायचंय.

"मावशी, सुट्टीत स्मशान?" भाचा म्हणाला. पण गाडी काढली.

१८४९ च्या कॉलऱ्यात या शहरातला जवळजवळ दर दहावा माणूस गेला. मग आर्चबिशप केन्रिक यांनी गावाबाहेर उत्तरेला एक मोठं शेत विकत घेतलं आणि १८५४ साली तिथे हे कॅथलिक दफनस्थान सुरू झालं. आज ते ४७० एकरांवर आहे, तीन लाखांहून जास्त लोक तिथे पुरलेत. पायी हिंडायचा माझा बेत फाटकातच बारगळला. अमेरिकन यादवी युद्धातल्या जनरल शर्मनची कबर गाडीतूनच पाहिली. नाटककार टेनेसी विल्यम्सची इच्छा होती की आपल्याला समुद्रात सोडावं. भावाने आणून पुरलं इथे. मेल्यावरही घरच्यांचंच चालतं!

मी आले होते ड्रेड स्कॉटसाठी. हा गुलाम आणि त्याची बायको हॅरिएट १८४६ मध्ये याच शहरातल्या कोर्टात स्वातंत्र्य मागायला गेले. अकरा वर्षं खटला चालला. १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॉनी स्वतः कॅथलिक, हे त्या कॅथलिक मातीत उभं राहून आठवलं की कसंसंच होतं. पुढे तीनेक महिन्यांत ज्या ब्लो कुटुंबाकडे तो पूर्वी गुलाम होता, त्यातल्याच टेलर ब्लोने त्याला मोकळं केलं. हॉटेलात हमाली करून तो जेमतेम सोळा महिने जगला. आधी दुसरीकडे पुरला होता. ती जागा बंद पडली तेव्हा १८६७ मध्ये ब्लोनेच त्याला इथे आणलं. दगड मात्र बसला १९५७ मध्ये. नव्वद वर्षं नुसतं गवत.

गुलामांना मुक्त केलं म्हणून जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. आपण ते केवढ्या अभिमानाने सांगतो. त्या साली ही कबर इथेच होती, बिननावाची.

दगडावर पेन्या, म्हणजे एका सेंटची नाणी, ठेवलेल्या. लिंकनचा चेहरा असलेली ही नाणी ठेवायची इथली रीत. माझ्याकडे पेनी कुठली? पाच दिवस सगळीकडे भाच्याचं कार्ड. पर्स उपसली तर दोन रुपयांचं नाणं निघालं. ते ठेवावं का, हात पुढे जाईना. शेवटी भाच्याने गाडीच्या सीटखाली हात घालून चिकट झालेली एक पेनी काढली. मी ती पदराने पुसली.

"आणि हॅरिएट कुठेय?" त्याने विचारलं. इतक्या दिवसांत त्याने स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न.

ती इथे नाही. १८७६ मध्ये गेली, ती ग्रीनवूड सिमेटरीत आहे, इथून काही मैलांवर. खटला दोघांनी लढला, पण सगळ्यांच्या तोंडी नाव एकाचंच.

"जाऊया?" मी म्हटलं.

त्याने घड्याळ पाहिलं. नदीकाठच्या उंच कमानीची, गेटवे आर्चची, तिकिटं दोन वाजताची होती, परत न होणारी. आर्चवर रांगेत पाऊण तास उभं राहिलो. वरून नदी दिसली.