दहा फ्रेम

आमच्या थ्रीडी ॲनिमेशन फिल्ममधला शॉट चार सेकंदांचा, म्हणजे ९६ फ्रेमचा. म्हातारे वडील मुलाच्या हातात किल्ली देतात, एवढंच. मूळ ॲनिमेटर दुसऱ्या सीक्वेन्सवर गेल्यामुळे ब्लॉकिंग (मुख्य पोझ ठरवण्याचं काम) झालेला शॉट माझ्याकडे आला. सकाळी डेलीजला, म्हणजे चालू काम दिग्दर्शिकेला दाखवायच्या बैठकीत, तो लागला. हातांचे आर्क (हालचालीची वळणं) स्वच्छ, शरीराचं वजन पायांवर नीट पडतंय, बोटं किल्लीच्या आरपार जात नाहीयेत. दिग्दर्शिकेने दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "किल्ली दिली हे कळलं. पण त्यांना ती द्यायचीय का?"

असल्या प्रश्नाला ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालींचे आलेख दुरुस्त करतो त्या खिडकीत, उत्तर नसतं. मी ॲनिमॅटिक (फिल्मचा रेखाचित्रांतला कच्चा आराखडा) उघडलं आणि आवाज बंद करून मागची दृश्यं पाहिली. एका ठिकाणी म्हातारा कुलूप लावतो, ओढून बघतो, दोन पावलं जातो आणि परत येऊन पुन्हा ओढून बघतो. झालं! स्वतःच्या हाताचा ज्याला भरवसा नाही, तो दुसऱ्याच्या हाताचा काय धरणार? हात पुढे येईल, पण बोटं सुटणार नाहीत. मुलगा किल्ली हलकेच ओढेल, आणि मग सुटेल. दहा फ्रेम पुरे होत्या, अर्ध्या सेकंदाहूनही कमी.

इथवरचं काम पटकथा वाचण्याच्या सवयीने केलं. पुढची दुपार मात्र रिगने, म्हणजे पात्राला हलवणाऱ्या आतल्या सांगाड्याने, खाल्ली.

किल्ली आधी बापाच्या हाताला कन्स्ट्रेन केलेली, म्हणजे बांधलेली होती आणि एका फ्रेमवर ती मुलाच्या हाताकडे जायची. आता दहा फ्रेम ती दोघांच्याही हातात. मग कोण कोणाला हलवणार? दोन्ही हात एकमेकांवर अवलंबून ठेवले की सायकल, म्हणजे न संपणारं चक्र, तयार होते आणि सगळं थरथरायला लागतं. शेवटी किल्लीलाच मालक केलं: तिला स्वतंत्र लोकेटर (फिल्ममध्ये न दिसणारा, हलवता येणारा बिंदू) दिला, ओढाताण त्याच्यावर ॲनिमेट केली आणि दोन्ही मनगटं आयकेमध्ये (मनगट जिथे ठेवू तिथे बाकीचा हात आपोआप जुळतो ती पद्धत) तिच्यामागे लावली. हात पुढे येताना एफके (खांद्यापासून एकेक सांधा आपण फिरवतो ती पद्धत) हवं, कारण खांद्यापासूनचा झोका त्यात सहज मिळतो. पकड बसल्यावर आयके. ही अदलाबदल ज्या फ्रेमवर होते तिथे दोन्ही पोझ तंतोतंत जुळवाव्या लागतात. त्यात बापाचा हात जवळजवळ सरळ, म्हणून कोपर टचकन उडत होतं. खांदा किंचित पुढे आणून कोपराला वाक ठेवला, तेव्हा ते थांबलं. गंमत म्हणजे पुढे आलेल्या त्या खांद्यामुळे म्हातारा किल्लीच्या मागे ओढला गेल्यासारखा दिसू लागला. हे मला सुचलेलं नव्हतं, कोपराने सुचवलं.

आमच्या धंद्यात एक किस्सा फार सांगितला जातो. १९८६ मध्ये सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत 'लक्सो ज्युनिअर' ही लहान-मोठ्या दोन टेबल-दिव्यांची छोटी फिल्म दाखवल्यावर ग्राफिक्सतज्ज्ञ जिम ब्लिन प्रश्न घेऊन आले. फिल्मचे दिग्दर्शक जॉन लॅसेटरना वाटलं, सावल्यांच्या अल्गोरिदमबद्दल विचारतील. ब्लिननी विचारलं, मोठा दिवा आई की बाबा? यावरून 'बघा, गोष्टच महत्त्वाची' म्हणणाऱ्यांचा मला जरा रागच येतो. दिव्याची सावली त्याच्या स्वतःच्याच अंगावर पडणं हे तेव्हा नवं आणि अवघड काम होतं, आणि ते नीट जमलं म्हणूनच ब्लिनसारख्या ग्राफिक्सवाल्याला आई-बाबांचा प्रश्न पडायला सवड मिळाली.

म्हणून 'आधी कथा शिकू की सॉफ्टवेअर' असं कोणी विचारलं की मी एकच सांगते: शॉट उघडण्याआधी एका ओळीत लिही, कोणाला काय हवंय आणि आड काय येतंय. त्या ओळीसाठी जे तंत्र अडेल ते त्या आठवड्यात शिक. नुसती ट्यूटोरियलं एकामागून एक संपवलेली माणसं मी पाहिलीत. त्यांची पात्रं सुंदर चालतात, पण कुठे जायचंय ते त्यांना ठाऊक नसतं. आणि गोष्टीवर तासभर बोलणाऱ्यांचा मूव्हिंग होल्ड (पात्र थांबलेलं असतानाही किंचित हलत राहतं तो भाग) बघा, पात्र मेल्यासारखं थिजलेलं असतं. हाताने काढलेलं चित्र काही फ्रेम तसंच ठेवलं तर चालून जातं, थ्रीडीत नाही. त्या दहा फ्रेममध्येही म्हाताऱ्याच्या अंगठ्याचा दाब वाढतो आणि डोळे किल्लीवरून मुलाच्या चेहऱ्याकडे जातात.

संध्याकाळी एडिटरकडे वाढीव दहा फ्रेम मागायला गेले. तो कुरकुरला, पार्श्वसंगीत बसवून झालंय म्हणाला, मग शॉट दोनदा पाहिला आणि पुढच्या शॉटच्या सुरुवातीचे दहा कापून दिले. पुढचा शॉट ज्याच्याकडे होता, तो दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडला.