थांबलं की तापते

आजची सगळी दुपार बाईकच्या रेडिएटरपाशी, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून आणणारं कूलंट थंड करणाऱ्या जाळीपाशी गेली. पळताना तापमान ठीक, सिग्नलला थांबलं की आकडा चढायला लागायचा. हा फरक फार बोलका असतो. वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, थांबल्यावर सगळी भिस्त फॅनवर. वेगातही तापली असती तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाकडे आधी वळले असते.

कूलंटची पातळी बरोबर होती. फॅनला बॅटरीवरून थेट करंट दिला, तर झकास फिरला. फ्यूजही शाबूत. उरला रिले, म्हणजे फॅनचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच. मग शेजारचा, अगदी तसाच रिले काढून फॅनच्या रिलेच्या जागी बसवला आणि इंजिन चालू ठेवून वाट पाहिली. १०० अंशांच्या जरा पुढे फॅन सुरू झाला! खराब होता तो रिले. असं कारण हाताला लागतं तेव्हा किती बरं वाटतं!

एक कळकळीने सांगते, इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका. कॅपमुळे आत दाब टिकतो, म्हणून कूलंट १०० अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. कॅप सैल होताच दाब जातो आणि ते उसळून थेट हातातोंडावर येतं.