एकाच जीबीचे दोन अकाउंटमध्ये बिल: क्लाउड नेटवर्कचा हिशेब लावताना

चाकण आणि रांजणगाव येथील कारखान्यांतील यंत्रांचे तापमान आणि कंपन यांच्या नोंदी गोळा करणे, हे आमच्या छोट्या कंपनीचे काम. या नोंदी एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तेथील डेटा सेंटरांच्या समूहात, जमा होतात. आमची तीन अकाउंट आहेत: एकात नोंदी स्वीकारणारे सर्व्हर, दुसऱ्यात विश्लेषणाची यंत्रणा आणि तिसऱ्यात सामायिक नेटवर्क. बिल मात्र तिन्हींचे एकत्र येते आणि त्याची फोड करून ज्याचा खर्च त्याच्या नावावर टाकण्याचे काम लेखा विभागातील मॅडम करतात. गेल्या पावसाळ्यात बाणेरच्या कार्यालयात त्यांनी माझ्यासमोर एक छापील तक्ता ठेवला आणि विचारले, "सर्व्हर तर वाढलेले नाहीत, मग नेटवर्कचा खर्च एवढा कसा? आणि तो टाकायचा कोणाच्या नावावर?" यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

म्हणून मी एका जीबीचा प्रवास सुरुवातीपासून कागदावर काढायला घेतला. स्वीकारणाऱ्या सर्व्हरकडून दररोज सुमारे १,००० जीबी नोंदी विश्लेषणाच्या अकाउंटकडे जात होत्या आणि त्यांची वाट ट्रान्झिट गेटवेतून, म्हणजे अनेक नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या मध्यवर्ती दुव्यातून, होती. तेथे दोन प्रकारचे शुल्क लागते. जोडलेल्या प्रत्येक व्हीपीसीसाठी, म्हणजे एडब्ल्यूएसमधील खासगी नेटवर्कसाठी, ताशी शुल्क असते आणि ते त्या व्हीपीसीच्या मालकाच्या बिलात जाते. त्याशिवाय प्रत्येक जीबीमागे ०.०२ डॉलर प्रक्रिया शुल्क असते आणि, वेगळी मांडणी केलेली नसेल तर, ते डेटा पाठवणाऱ्याच्या अकाउंटवर पडते. गेटवे तिसऱ्या अकाउंटचा असला तरी जीबीमागचे पैसे त्याच्या खात्यात दिसत नाहीत. आमचा तक्ता इथेच चुकत होता, कारण "गेटवे ज्याचा, खर्च त्याचा" असे आम्ही गृहीत धरले होते. दिवसाला २० डॉलर, म्हणजे महिन्याला ६०० डॉलर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हा खर्च नोंदी पाठवणाऱ्या गटाचा होता.

आता उपाय सोपा वाटला. दोनच व्हीपीसींमध्ये बोलणे असेल, तर मध्ये गेटवे हवा कशाला? व्हीपीसी पीअरिंगला, म्हणजे दोन व्हीपीसींच्या थेट जोडणीला, ताशी शुल्क नाही, प्रक्रिया शुल्कही नाही, आणि मे २०२१ पासून एकाच अव्हेलेबिलिटी झोनच्या (रीजनमधील डेटा सेंटरांच्या एका स्वतंत्र गटाच्या) आत राहणारी पीअरिंगची वाहतूक, अकाउंट वेगवेगळी असली तरी, मोफत आहे. आमच्या दोन्ही बाजूंच्या सबनेटवर, म्हणजे व्हीपीसीच्या उपविभागांवर, झोनचे एपी-साउथ-१ए हेच नाव होते. एका संध्याकाळी आम्ही डेटाची वाट ठरवणारी राउट टेबल बदलली. बिलाचा सविस्तर अहवाल लगेच अद्ययावत होत नाही, म्हणून परिणाम दिसण्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले.

दुसऱ्या दिवशी गेटवेची ओळ खाली आली होती, पण एकूण रक्कम जवळजवळ जागच्या जागी होती. पाठवणाऱ्या अकाउंटमध्ये १० डॉलर आणि विश्लेषणाच्या अकाउंटमध्ये १० डॉलर, अशा दोन नव्या नोंदी उमटल्या होत्या. दोन्ही नोंदी पीअरिंगच्या वाहतुकीच्या होत्या आणि त्यांवर एकीकडे 'व्हीपीसीपीअरिंग-आउट', तर दुसरीकडे 'व्हीपीसीपीअरिंग-इन' असे लिहिलेले होते. विश्लेषण गटातील सहकारी साहजिकच अस्वस्थ झाला. "आम्ही काहीच पाठवलेले नाही, नुसते घेतले आहे; मग पैसे आम्ही का भरायचे?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. आत येणाऱ्या डेटाला पैसे पडत नाहीत, हे इंटरनेटवरून किंवा दुसऱ्या रीजनमधून येणाऱ्या डेटाबाबत खरे आहे. एकाच रीजनमध्ये एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक जीबीला मात्र जाताना ०.०१ डॉलर आणि येताना ०.०१ डॉलर पडतात, आणि अकाउंट दोन असतील तर ते दोघांत वाटले जातात.

पण झोन तर एकच होता, निदान नावाने. खरी मेख तिथेच होती. आमच्यासारख्या जुन्या अकाउंटमध्ये 'ए', 'बी', 'सी' ही अक्षरे प्रत्येक अकाउंटसाठी स्वतंत्रपणे वाटलेली असतात. एकाचे 'ए' दुसऱ्याचे 'सी' असू शकते. प्रत्यक्ष जागा कळते ती झोनच्या ओळख क्रमांकावरून, आणि तो सगळ्या अकाउंटमध्ये सारखाच राहतो. मी दोन्ही अकाउंटचे कन्सोल शेजारीशेजारी उघडले आणि सबनेटच्या तपशिलातील तो क्रमांक पाहिला. एका बाजूला एपीएस१-एझेड१ होते, दुसऱ्या बाजूला एपीएस१-एझेड३. तो सहकारी माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याने दोन्ही क्रमांक मोठ्याने वाचले आणि लगेच नव्या सबनेटसाठी मोकळी पत्तेश्रेणी शोधायला बसला.

विश्लेषणाच्या बाजूने एपीएस१-एझेड१ मध्ये नवे सबनेट तयार करून नोंदी घेणारे सर्व्हर तिथे हलवायला आम्हाला चार दिवस लागले. डेटाबेस मात्र आम्ही मुद्दाम दोन झोनमध्येच ठेवला आणि त्याच्या प्रतीसाठी पडणारा खर्च मान्य केला. तो एकाच झोनमध्ये ठेवला आणि नेमका तोच झोन बंद पडला, तर कारखान्यातील यंत्राचा इशारा वेळेवर पोहोचणार नाही. जीबीमागे दोन सेंट वाचवण्यासाठी तो धोका पत्करणे मला मुळीच पटत नाही.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद रीजनमध्ये आम्ही रोज रात्री एक प्रत पाठवतो, तिचा हिशेब त्यामानाने सरळ निघाला. रीजन ओलांडताना पैसे फक्त निघणाऱ्या बाजूला, तेथील दराने पडतात. हैदराबादला स्वीकारण्याचे काही पडत नाही. ती प्रत आधी संकुचित करून मग पाठवायला सुरुवात केल्यावर तोही खर्च उतरला. नॅट गेटवेतून (खासगी सर्व्हरना बाहेर जाण्यासाठीच्या सशुल्क वाटेतून) एस३ या साठवण सेवेकडे जाणारी वाहतूक गेटवे एंडपॉइंट या थेट वाटेवर वळवणे हे तर अर्ध्या तासाचे काम होते, आणि त्या एंडपॉइंटला वेगळे शुल्क नाही.

पुढच्या महिन्याच्या अहवालात विश्लेषणाच्या अकाउंटमधील 'व्हीपीसीपीअरिंग-इन'ची रक्कम काही सेंटवर आली होती. मॅडमनी त्यांच्या तक्त्यात 'पाठवणारे अकाउंट' आणि 'घेणारे अकाउंट' असे दोन रकाने वाढवले आहेत, आणि झोनच्या रकान्यात आता अक्षराऐवजी ओळख क्रमांक लिहिला जातो.